हिवाळ्यातील एक दिवस : सायकल आधी की प्रकाश आधी? (वाई – पसरणी घाट – धोम)

दोनचाकी
नमस्कार मंडळी. जानेवारीत एक पूर्ण दिवस मोकळा मिळणार आहे आणि तो सायकल व निसर्गछायाचित्रण यांसाठी द्यायचे ठरवले आहे. आदल्या संध्याकाळी सायकल गाडीत टाकून पुण्याहून वाईला पोहोचायचे आणि तिथेच मुक्काम करायचा. पहाटे पसरणी घाट चढून सूर्योदय पाचगणीच्या टेबललँडवर गाठायचा, न्याहारी करून उतरायचे, दुपारी मेणवलीचा नदीकाठचा घाट आणि वाडा पाहायचा आणि सूर्यास्त धोमच्या जलाशयावर टिपायचा, असा आराखडा आहे. वाई ते पाचगणी हे अंतर बारा-तेरा किलोमीटरचे आहे, मेणवली वाईपासून तीन आणि धोम आठ-नऊ किलोमीटरवर आहे, म्हणजे दिवसभराचे एकूण अंतर साठाच्याही आतच राहते.

माझे मत असे की निसर्गछायाचित्रणासाठी सायकलइतके योग्य वाहन नाही. मोटारीतून दृश्य दिसेपर्यंत ते मागे गेलेले असते, आणि पायी चालणाऱ्याला एका दिवसात दोन खोरी पाहता येत नाहीत. तरीही मित्रमंडळी म्हणतात की दोन्ही छंद एकत्र केले की दोन्हींचे अर्धेच काम होते. वरील क्रम योग्य आहे का, आणि कॅमेऱ्याचे सामान सायकलवर कुठे व कसे न्यावे, यावर अनुभवी सदस्यांचे म्हणणे ऐकायला आवडेल.

घाटवेडा
अंतर किरकोळ आहे, घाटही अवघड नाही. वाई सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी तेराशेच्या जवळपास, म्हणजे सरासरी चढ साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. पुढे लहान चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चक्र) आणि मागे बत्तीस किंवा चौतीस दात्यांचे मोठे चक्र असेल तर बसल्या बसल्या चढून जाल. मात्र थांबत थांबत चढणे हा प्रकार मला कधी मानवला नाही. लय तुटली की घाट दुप्पट लांब वाटतो, म्हणून मी म्हणेन की कॅमेरा पिशवीतच ठेवा, एका दमात वर जा आणि जे काही टिपायचे ते वर पोहोचल्यावर टिपा.

अर्धवट_पुणेकर
पसरणी घाटात माझ्या कॅमेऱ्याचा शटर स्पीड आणि सायकलचा वेग हे दोन्ही आकडे हळूहळू एकच होत जातात.

कृष्णाकाठ
वाईचा रहिवासी या नात्याने लिहितो. धागाकर्त्यांच्या आराखड्यातली मुख्य अडचण अशी आहे की त्यांनी सूर्योदयाच्या वेळी स्वतःला चुकीच्या उंचीवर नेऊन ठेवले आहे. जानेवारीत निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन भराभर थंड होते, डोंगरउतारांवरची थंड आणि म्हणून जड झालेली हवा घरंगळत खोऱ्यात येऊन साचते, आणि खाली धरणाचे पाणी, नदी व ओली शेते असल्यामुळे तिथे धुके धरते. हे धुके खोऱ्याच्या तळाशी एका पातळीत पसरलेले असते आणि घाटाची मधली वळणे त्या पातळीच्या थोडीशीच वर असतात. साडेसात ते साडेआठच्या दरम्यान त्या वळणांवरून उत्तरेकडे पाहिले तर धुक्यावर पांडवगडाचा माथा, त्याच्या मागे मांढरदेवाचा डोंगर आणि मध्येच वर आलेले झाडांचे शेंडे दिसतात. टेबललँडवरून हेच दृश्य फार खाली आणि फार दूर जाते. शिवाय वरची सपाटी प्रशस्त असल्यामुळे खोरे दिसण्यासाठी कड्याच्या काठापर्यंत चालत जावे लागते, आणि सायकल कुठे ठेवावी हा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

एक खूण सांगून ठेवतो. पहाटे वाईत निघताना थंडी बोचत असेल आणि घाटात तीन-चार किलोमीटर चढल्यावर हवा अचानक उबदार लागली, तर समजावे की आपण थंड हवेच्या थरातून बाहेर आलो. बरेच जण तो आपल्या चढाईचा घाम समजतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात आणि त्याच पहाटे गावात तेवढी थंडी नसते, त्यामागेही सखल जागी साचणारी थंड हवा हेच कारण आहे.

घाटवेडा
@कृष्णाकाठ, धुके रोज असते का? नसेल तर त्या वळणावर तास काढून हाती काय लागेल?

कृष्णाकाठ
रोज नसते. आकाशात ढग असले किंवा वारा सुटलेला असला तर मुळीच नसते. आदल्या संध्याकाळी वारा पडलेला, आकाश स्वच्छ आणि अंगणात ठेवलेल्या गाडीच्या टपावर रात्री दहालाच दव जमलेले दिसले, तर सकाळची आशा धरायला हरकत नाही. धुके नसले तरी त्या वेळी गावांतल्या चुलींचा आणि बंबांचा धूर जमिनीलगत आडवा पसरलेला असतो, तोही चित्राला चालतो.

शेतवाट
यात एक भर घालते. माझे माहेर याच खोऱ्यातले आहे. शेतीपंपांना वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत मिळते, त्यामुळे गहू, हरभरा आणि उसाला पाणी रात्रीच दिले जाते आणि पहाटे शिवार ओले असते. छायाचित्रकारांना जे धुके सुंदर वाटते, त्यामागे कोणीतरी रात्रभर कानटोपी घालून बारे मोडत, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवत, उभे असते, एवढे ध्यानात असावे.

त्यावरूनच विनंती करते. जानेवारीत हळदीचा पाला पिवळा पडून लोळू लागतो आणि उन्हात तो फार देखणा दिसतो, म्हणून पाहुणे सरळ सरीत उतरतात. जमिनीखाली गड्डे असतात. बांधावरून चालावे, आणि मळ्यात माणसे असतील तर आधी बोलावे. नकार कोणी सहसा देत नाही, पण न विचारता तोंडासमोर कॅमेऱ्याचे भिंग धरले की राग येतो.

मोबाइलबहाद्दर
एवढे सामान न्यायचेच कशाला? आजचे फोन रात्रीदेखील उत्तम छायाचित्रे काढतात, खिशात मावतात आणि सायकलीचे वजन वाढत नाही. मी तर म्हणतो फोन घ्या, पाण्याच्या दोन बाटल्या घ्या आणि निघा.

रोहिणीनक्षत्र
@मोबाइलबहाद्दर, मेणवलीच्या घाटासारख्या जवळच्या विषयासाठी फोन पुरेसा आहे हे मान्य. कृष्णाकाठ यांनी वर्णन केलेल्या दृश्यासाठी मात्र तो कमी पडतो, कारण फोनचे मुख्य भिंग बरेच रुंद पाहते आणि त्या चौकटीत पांडवगड मुंगीएवढा उमटतो. दुरावलेल्या डोंगररांगा एकामागे एक, प्रत्येक रांग पुढच्या रांगेपेक्षा थोडी फिकट, अशा थरांनी दाखवायच्या असतील तर सत्तर ते दोनशे मिलिमीटर या पल्ल्याचे भिंग हवे. हिवाळ्यातल्या हवेत धूलिकण आणि बाष्प असते त्याबद्दल अनेक जण तक्रार करतात, पण रांगांमधले अंतर डोळ्यांना जाणवते ते त्या हवेमुळेच. काचेसारखी स्वच्छ हवा असती तर सगळे डोंगर एकाच पडद्यावर चिकटवल्यासारखे दिसले असते.

आता वेळेबद्दल. परदेशी शिकवण्यांमध्ये सूर्योदयानंतरचा संपूर्ण तास सोनेरी प्रकाशाचा म्हणून सांगितला जातो, आणि आपल्याकडचे लोक त्या भरवशावर निवांत चहा पीत बसतात. आपण अठराव्या अक्षांशावर आहोत. इथे जानेवारीतही सूर्य तासाला सुमारे तेरा अंश वर चढतो, म्हणजे क्षितिजापासून सहा अंश उंच यायला त्याला जेमतेम अर्धा तास लागतो. वाईला जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय सातच्या थोडा पुढे होतो. त्यामुळे साडेसातला वळणावर पोहोचणे म्हणजे लालसर, मऊ प्रकाशाचा बहुतेक भाग वाटेतच संपवणे होय. मी सात वाजता त्या जागी असणे पसंत करीन.

दूरदेशी
एडिंबरोहून लिहीत आहे. रोहिणीनक्षत्र यांनी सांगितलेला फरक इथे राहून फार ठळकपणे कळतो. डिसेंबरच्या अखेरीस इथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो, दुपारी पावणेचारच्या आत मावळतो आणि भर मध्यान्हीही क्षितिजापासून अकरा अंशांपेक्षा वर जात नाही. सूर्य दिसलाच, तर दिवसभर सावल्या लांब आणि प्रकाश पिवळा. छायाचित्रकाराला घाई करण्याचे कारणच उरत नाही, फक्त सूर्य दिसला पाहिजे, आणि तो आठवडाभर दिसत नाही. वर रस्त्यावर बर्फाचा पातळ, न दिसणारा थर असतो, ज्यावर सायकल चालवणे हे हाडांच्या डॉक्टरांना दिलेले आमंत्रण आहे. तुमच्या अर्ध्या तासाचा मला हेवा वाटतो.

अ‍ॅपर्चर_आजोबा
आमच्या वेळी गिअरची सायकल नव्हती आणि रोलमध्ये छत्तीस फ्रेम असत. दोन्ही गोष्टींचा परिणाम एकच होई, तो म्हणजे माणूस उगाच दमत नसे. घाटात सायकल हातात धरून चालत जायचो, आणि चालताना डोळे रिकामे असल्यामुळे दृश्य आपोआप सापडायचे. घाटवेडा यांच्या लयीबद्दल आदर राखून म्हणतो की ज्याला एका दमात वर जायचे आहे, त्याने कॅमेरा घरी ठेवावा आणि त्याचे वजन वाचवावे.

घाटवेडा
आजोबा, टोला मान्य आहे. पण चढाई आणि छायाचित्रण या दोन्हींच्या मागण्या खरोखरच एकमेकींच्या विरुद्ध आहेत, हे तुम्हीही मान्य करा. घाट चढून थांबलो की नाडी दीडशेच्या वर धावत असते, हात थरथरतात आणि दोनशे मिलिमीटरच्या भिंगातून पाहिले तर पांडवगड श्वास घेताना दिसतो. श्वासाने दर्शनखिडकीची (व्ह्यूफाइंडरची) काच धूसर होते ती वेगळीच. त्यात थांबलो की पाठीवरचा घाम गार पडतो आणि पाच मिनिटांत हुडहुडी भरते.

रोहिणीनक्षत्र
याला उपाय आहेत. थांबल्याबरोबर आधी वाऱ्याचे पातळ जाकीट अंगात घालावे, दोन मिनिटे नुसते पाहावे, आणि मग कॅमेरा काढावा. त्या दोन मिनिटांत नाडीही उतरते आणि कोणत्या बाजूला भिंग वळवायचे तेही ठरते. शटरचा वेग सेकंदाच्या दोनशेव्या भागापेक्षा कमी होऊ देऊ नये, त्यासाठी संवेदनशीलतेचा (आयएसओ) आकडा चारशे-आठशेवर गेला तरी बिघडत नाही. सायकल कठड्याला टेकवून खोगिरावर हातमोजे ठेवायचे आणि त्यावर भिंग टेकवायचे, की तिपाईची फारशी गरज लागत नाही.

धुक्याबाबत एक सूचना. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक सगळ्या दृश्याला मध्यम करडे धरून चालतो, त्यामुळे पांढरे धुके मळकट येते. प्रकाशभरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) पाऊण ते एक पायरी वाढवावी आणि पडद्यावरचा उजेडाचा आलेख (हिस्टोग्राम) उजवीकडे टेकत नाही ना एवढे पाहावे.

खडककथा
धुक्यावर इतकी चर्चा झाली, आता थोडे दगडावरही बोलू. या खोऱ्यातल्या डोंगरांची खरी ओळख म्हणजे त्यांचे आडवे पट्टे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर इथे पसरले. प्रत्येक थराचा घट्ट भाग झिजेला दाद देत नाही, म्हणून त्याचा उभा कडा होतो, आणि सच्छिद्र, भुसभुशीत भाग झिजून त्याचा उतार होतो. कडा, उतार, पुन्हा कडा, अशा पायऱ्या पांडवगडावर, केंजळगडावर आणि समोरच्या कमळगडावर स्पष्ट आहेत. टेबललँड आणि कमळगडाचा माथा यांवर जांभ्याची टोपी आहे आणि तिच्यामुळेच माथे असे कापल्यासारखे सपाट राहिले.

छायाचित्रकाराला याचा उपयोग असा की या पायऱ्या केवळ तिरप्या प्रकाशात दिसतात. हिवाळ्यात सूर्य पूर्वेऐवजी आग्नेयेच्या अंगाने उगवतो. घाटातून उत्तरेकडे पाहणाऱ्याच्या उजव्या खांद्यामागून प्रकाश येतो, प्रत्येक कड्याची सावली शेजारच्या घळीत पडते आणि डोंगराला उठाव येतो. साडेदहानंतर त्याच डोंगराकडे पाहिले तर तो नुसता तपकिरी ढीग दिसतो. माझ्या मते सकाळ डोंगरांना द्यावी, दुपार दगडी बांधकामांना द्यावी, आणि संध्याकाळचा प्रश्न नीट तपासून घ्यावा.

अर्धवट_पुणेकर
मागच्या हिवाळ्यात असाच एक दिवस याच घाटात घालवून घरी आलो तेव्हा पत्नीने छायाचित्रे पाहिली. प्रत्येक चित्रात पुढे सायकल, मागे डोंगर. तिने शांतपणे विचारले, "सायकल चालवायला गेला होतात की उभी करायला?"

शेतवाट
वहिनींचा मुद्दा रास्त आहे. सायकल कठड्याला टेकवून मागे दरी, या प्रकारच्या छायाचित्रांवर काही काळ बंदी घालायला हवी. सायकल चित्रात यायची असेल तर कोणीतरी ती चालवत असावे.

दोनचाकी
सर्वांचे आभार. क्रमाबद्दल पुष्कळ उलगडा झाला. @खडककथा, संध्याकाळचा प्रश्न तपासायचा म्हणजे नेमके काय? धोमच्या पाण्यात सूर्यास्ताचे प्रतिबिंब मिळेल अशी माझी कल्पना होती. आणि सामानाबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही.

खडककथा
नकाशा उघडून पाहा. जलाशयाच्या दक्षिणेला पाचगणीची धार आहे आणि ती पाण्यापासून पाच-सहाशे मीटर उंच उठते. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे मावळतो, म्हणजे नेमका त्या धारेच्या अंगाने. त्यामुळे दक्षिण काठावर घड्याळातल्या सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी सावली पडते आणि पाण्यात सूर्याचे प्रतिबिंब मिळण्याची आशा व्यर्थ ठरते. मिळते ते वेगळे आहे आणि माझ्या दृष्टीने अधिक चांगले आहे. खालचे पाणी सावलीत गेलेले असताना उत्तरेकडच्या डोंगरांच्या माथ्यांवर ऊन टिकून असते, आणि पाणी निवांत असेल तर ते तांबूस माथे गडद पाण्यात उतरतात. तेव्हा सूर्याकडे पाठ करून उभे राहावे.

कृष्णाकाठ
खडककथा यांच्याशी सहमत. शिवाय पाण्याची पातळीही लक्षात घ्या. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो आणि डिसेंबरात पाणी गवताच्या काठाला लागून असते. पुढे रब्बीची आवर्तने, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या, सुटू लागली की पातळी उतरत जाते आणि काठाला गाळाचा व दगडगोट्यांचा फिकट पट्टा उघडा पडतो. त्या पट्ट्यावर पाणी उतरल्याच्या बारीक समांतर रेघा असतात. काहींना तो पट्टा चित्र बिघडवणारा वाटतो, पण मला उलट त्या रेघांतच रस आहे, आणि खाली वाकून टिपल्या तर त्या समोरच्या कमळगडापर्यंत नजर घेऊन जातात. गाळात सायकल नेऊ नये, वरून वाळलेला दिसणारा थर खाली दलदलीचा असतो. धरणाच्या भिंतीवर मनाईचा फलक असेल तर तो पाळावा, तिथे वाद घालून दिवस वाया घालवण्यात अर्थ नाही.

मेणवलीबद्दलही दोन शब्द. नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट बहुतेकांना माहीत असतो, पण घाटावरची मोठी घंटा अनेक जण डोके वर न करताच सोडून जातात. वसई १७३९ साली मराठ्यांनी जिंकली, त्यानंतर तिकडच्या चर्चमधून आणलेल्या घंटांपैकी ही एक मानली जाते, आणि तिच्यावर बाळ येशूसह मेरीची आकृती आहे. दुपारच्या उन्हात पायऱ्यांवरून परतणारा प्रकाश आकृतीवर पडतो तेव्हा ती नीट वाचता येते. वाईत परतल्यावर ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत बघायला विसरू नये. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेल्या या देवळाची ती भिंत माशासारख्या निमुळत्या आकाराची आहे, जेणेकरून कृष्णेच्या पुराचे पाणी दुभंगून बाजूने निघून जावे.

रोहिणीनक्षत्र
दुपारबद्दल उगाच नाक मुरडू नये. मे महिन्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, पण डिसेंबरच्या उत्तरार्धात वाईला तो एकोणपन्नास अंशांच्या आसपासच थांबतो. एवढ्या तिरप्या उन्हात पायऱ्यांच्या कडा, कोनाडे आणि महिरपी यांना चांगला उठाव येतो. दुपार फुकट जाते हा समज उन्हाळ्यातल्या अनुभवावरून झालेला आहे.

तिसरा_गिअर
सामानाबद्दल मी लिहितो. पाठीवरची मोठी पिशवी टाळावी, कारण घाटात पाठ भिजते, कमरेवर भार येतो आणि प्रत्येक वेळी कॅमेरा काढण्यासाठी पिशवी उतरवावी लागते, म्हणून हळूहळू माणूस कॅमेरा काढणेच सोडून देतो. मागच्या कॅरिअरवरच्या पिशवीत हादरे सर्वांत जास्त बसतात. हँडलबारवरची अस्तर लावलेली पिशवी हाताशी असते, पण किलो-दीड किलोच्या पुढे वजन गेले की उतरणीला सुकाणू जड होते आणि वळणावर सायकल हट्ट करते. मी कॅमेरा व एक भिंग छातीशी घट्ट बांधलेल्या तिरप्या पिशवीत ठेवतो आणि दुसरे भिंग, जाकीट व खाऊ चौकटीतल्या त्रिकोणी पिशवीत. शरीर हादरे जिरवते, त्यामुळे कॅमेरा शरीरावर असणेच बरे.

ट्यूब किमान एक आणि पंक्चरचे सामान अवश्य घ्या. शेतांच्या कडेला बाभळी छाटून कुंपणाला लावलेल्या असतात आणि काटे रस्त्याच्या कडेवर सांडतात. टायरमधून काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये, तो टायरच्या आतल्या बाजूने बोट फिरवूनच सापडतो.

घाटवेडा
आणि दिवा. पुढचा तर हवाच, पण मागचा लाल दिवा जास्त महत्त्वाचा. हा गळिताचा हंगाम आहे. पहाटे उसाने भरलेले, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो आणि अनेकांच्या मागे परावर्तक नसतो. त्यांना ओलांडण्याच्या फंदात पडू नये, थांबून पुढे जाऊ द्यावे. उतरताना घाटात सावलीच्या वळणांवर दव असते, तिथे ब्रेक वळणाआधी लावावेत, वळणात लावू नयेत. आणि शनिवार-रविवार पूर्ण टाळा. पाचगणी-महाबळेश्वरकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकरच सुरू होते, मग ना चढाईचा आनंद राहतो ना थांबायला जागा.

मोबाइलबहाद्दर
पाचगणीत स्ट्रॉबेरी खाण्याचा उल्लेख अजून कोणीच केला नाही, याचे आश्चर्य वाटते.

शेतवाट
खा की, हंगामच आहे. पण शेतांचे छायाचित्र काढायचे असेल तर ऊन पडल्यावर वाफ्यांवरच्या काळ्या प्लॅस्टिकचे आच्छादन असे चकाकते की रोपे दिसतच नाहीत. त्यापेक्षा सकाळी ढग असतील तेव्हाच काढावे.

अ‍ॅपर्चर_आजोबा
मूळ प्रश्नाकडे वळू या. धागाकर्त्यांनी विचारले होते की दोन्ही छंद एका दिवसात साधतात का. माझे उत्तर असे की साधतात, पण आराखड्यातून काहीतरी काढून टाकले तरच. टेबललँड, घाट, मेणवली, वाडा, देऊळ, धरण आणि सूर्यास्त, ही यादी मोटारीतून फिरणाऱ्याची आहे. सायकलवर एवढ्या जागा गाठता येतात हे खरे, पण प्रत्येक जागी प्रकाश योग्य असताना गाठता येत नाहीत. तुमच्या आराखड्यात किलोमीटर मोजलेले दिसतात, थांबण्याचे तास मोजलेले दिसत नाहीत.

घाटवेडा
आजोबा, इथे मात्र मी तुमच्या बाजूला. पण घाट अर्धाच चढून परत फिरायचे, हे माझ्याच्याने होणार नाही. माथा गाठल्याशिवाय उतरणे म्हणजे पंगतीतून ताट न संपवता उठणे.

तिसरा_गिअर
मग तुम्ही वर जाऊन स्ट्रॉबेरी घेऊन या, बाकीचे वळणावर थांबतील.

दोनचाकी
सर्व प्रतिसाद पुन्हा वाचून आराखडा बदलला आहे. दिवस बुधवारचा धरला आहे. सव्वासहाला दिवे लावून वाईतून निघायचे आणि सातपर्यंत घाटातल्या मधल्या वळणांपैकी एकावर पोहोचायचे. धुके असेल तर ते विरेपर्यंत तिथेच थांबायचे. धुके नसेल तर डोंगरांच्या पायऱ्या टिपून साडेआठला वर जायचे, न्याहारी पाचगणीत करायची, टेबललँड गाळायचे. धुके असेल तर पाचगणीच गाळायची आणि न्याहारी वाईत. दुपार मेणवलीत, घंटेसह. तीनला धोमकडे निघायचे, काठावर पाण्याची पातळी पाहून जागा ठरवायची आणि पाठ सूर्याकडे ठेवायची. भिंगे दोनच, रुंद एक आणि सत्तर-दोनशेचे एक. तिपाई घरी. तिसरा_गिअर यांच्या सल्ल्याप्रमाणे छातीवरच्या पिशवीची शोधाशोध सुरू केली आहे.

मित्रमंडळींच्या म्हणण्यात तथ्य होते असे दिसते, फक्त अर्धे काम सायकलचे होईल, छायाचित्रणाचे नाही. एक शंका उरते. ढगाळ हवा निघाली तर दिवस रद्द करावा का?

रोहिणीनक्षत्र
मुळीच नाही. कोरे निळे आकाश निसर्गचित्राला फारसे काही देत नाही, हे हिवाळ्यात सलग निरभ्र दिवस अनुभवल्यावर कळते. ढगाळ असेल तर आकाश चौकटीतून वगळावे आणि घाटातल्या वडाची मुळे, मेणवलीच्या पायऱ्या, हळदीची पिवळी पाने असे जवळचे विषय घ्यावेत. रंग त्या प्रकाशात अधिक खोल येतात.

अर्धवट_पुणेकर
आणि ढगाळ हवेत सायकल चालवायला ऊनही लागत नाही, म्हणजे घाटवेडा यांचाही दिवस सत्कारणी लागेल.

कृष्णाकाठ
बुधवारी मी वाईतच आहे आणि सकाळी घाटाच्या पायथ्यापर्यंत सोबत येऊ शकेन. पुढे गुडघा परवानगी देत नाही. हवेचा मोठा पंप माझ्या घरी आहे, तो तुम्ही आणू नका. तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक प्रेस्टा आहे की मोटारसायकलसारखा जाड, तेवढे मात्र मंगळवारपर्यंत कळवा, म्हणजे त्याचे तोंड बदलून ठेवतो.